दलदलीतल्या कोळ्याचा फोटो: आधी जाळ्याचा कल पाहा

गोदावरीकाठच्या नांदूर मधमेश्वरसारख्या दलदलीत पाऊस ओसरला की गोल जाळी विणणारे कोळी शोधायला निघावं. हे अभयारण्य आहे, त्यामुळे वनखात्याने आखून दिलेल्या वाटेनेच फिरा. पायात गमबूट हवेत आणि पुढचा चिखल चाचपायला हातात काठी.

सूर्योदयानंतरचा पहिला तास उत्तम, कारण वारा पडलेला असतो. सूर्याकडे तोंड करून सावकाश चाला, म्हणजे धागे चमकतात. ऊन पाठीशी असलं तर जाळं दिसण्याआधीच अंगाने तुटतं. निओस्कोना या प्रजातीगटातले (जीनसमधले) कोळी मात्र तिन्हीसांजेला विणतात आणि बहुधा पहाटे जाळं खाऊन टाकतात. त्यांच्यासाठी रात्री टॉर्च घेऊन जा आणि प्रकाश बाजूने पाडा.

पाण्यालगत आडवं किंवा तिरकं, मधोमध भोक असलेलं जाळं दिसलं, तर ते बहुधा टेट्राग्नाथा या कोळ्याचं. चाहूल लागताच तो लव्हाळ्याच्या काडीला चिकटतो. पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणून असा पडतो की काडीचाच भाग वाटावा. रिकाम्या जाळ्याभोवतीच्या काड्या म्हणूनच नीट न्याहाळा. आर्जिओपे हा कोळी ओळखायला सोपा: डोकं खाली, पाय जोडीजोडीने फाकलेले, जाळ्यात पांढरी नागमोडी नक्षी.

आता जाळ्याचा कल. कोळी तिरक्या जाळ्याच्या खालच्या अंगाला लटकतो, त्यामुळे त्याची पाठ खालून दिसते. कॅमेरा खाली न्या आणि सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्याची पाठ, जाळ्याला समांतर धरा. थोडाही तिरका झाला तर पोट स्पष्ट आणि पाय धूसर येतात. १०० मिमी मॅक्रो (अगदी जवळून फोटो घेणारी) लेन्स, ॲपर्चर एफ/११, शटर १/२०० सेकंद, आयएसओ २०० आणि डिफ्युझर (प्रकाश मऊ करणारा पडदा) लावलेला फ्लॅश, इथून सुरुवात करा. १:१ आकारात, म्हणजे सेन्सरवर कोळी खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, जेमतेम १ मिमी जाडीचा भागच स्पष्ट येतो. ऑटोफोकस मागच्या पाणकणसावर जातो. तो बंद करा आणि आपलं शरीर किंचित पुढेमागे झुलवून फोकस साधा. आर्जिओपेची रुपेरी लव फ्लॅशने पांढरीफटक पडते, तेव्हा फ्लॅशची शक्ती निम्म्यावर आणा.

कोळी जाळं जोरजोरात हलवू लागला की मागे सरा आणि तो शांत होईपर्यंत थांबा. धागे उठून दिसावेत म्हणून पीठ किंवा पावडर कधीही फवारू नका. जाळ्याचा चिकटपणा जातो आणि कोळ्याची शिकार हुकते.

ओळख पटवायला पाठ, पोट, डोळ्यांची मांडणी आणि पूर्ण जाळं, असे चार फोटो घ्या. तरीही बऱ्याच जाती जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ठरत नाहीत. अशा वेळी नोंदीत फक्त प्रजातीगट लिहा, अंदाजाने जात लिहू नका.