मेन्स डबल्सची मॅच नीट बघायची कशी

टेनिस बघताना आपली मान बॉलच्या मागे इकडून तिकडे फिरत असते. सिंगल्सला ते चालून जातं, पण डबल्स तसं बघितलं तर निम्मा खेळ दिसतच नाही, कारण पॉइंट बऱ्याचदा ज्याच्याकडे बॉल नाहीये तोच ठरवतो. म्हणजे सर्व्ह करणाऱ्याचा पार्टनर, नेटजवळ वाकून उभा असतो तो. पहिले दोन-तीन गेम फक्त त्याच्यावर नजर ठेवा, बॉल आपोआप दिसतोच.

त्याआधी बसायचं कुठे ते सांगतो. शक्य असेल तर बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या शेवटच्या रेषेच्या, मागे आणि थोडं वर बसा. बाजूला बसलं की चौघं एकमेकांच्या आड येतात आणि कोण कुठे सरकला ते कळत नाही. डबल्सच्या मॅचेस बऱ्याचदा बाहेरच्या छोट्या कोर्टांवर असतात आणि मला तरी तीच जागा आवडते, कारण तिथे प्लेयर्स एकमेकांशी काय बोलतायत हेसुद्धा कधीकधी ऐकू येतं. शेड्यूल मात्र सकाळी परत चेक करा, कारण डबल्सच्या ड्रॉमधले (कोणाची मॅच कोणाशी याचा तक्ता) काही जण सिंगल्सही खेळत असतात, त्यांची सिंगल्स लांबली की डबल्स पुढे ढकलतात, पावसाने एक दिवस गेला तर एका दिवसात दोन मॅचेस पण होतात, आणि कोणी माघार घेतली तर ऐनवेळी भलतीच जोडी कोर्टवर येते.

ड्रॉ वाचणं सोपं आहे. एटीपी 250 स्पर्धेत (एटीपी म्हणजे पुरुषांची व्यावसायिक टूर, 250 ही तिची छोटी पातळी) साधारण 16 जोड्या असतात म्हणजे चार मॅचेस जिंकल्या की टायटल, ग्रँड स्लॅमला, म्हणजे चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांना, 64 जोड्या म्हणजे सहा. सीडिंग, म्हणजे वरच्या जोड्यांना स्पर्धेत दिलेला क्रमांक, दोघांच्या रँकिंगची बेरीज करून ठरतं, पाचवा आणि नववा असेल तर 14, बेरीज जितकी कमी तितकं वरचं सीड. आणि रँकिंग जोडीचं नसतं, प्रत्येकाचं आपापलं असतं, म्हणून पार्टनर बदलला तरी पॉइंट्स ज्याचे त्याच्याकडेच राहतात.

आता नेटवाल्याकडे या. पॉइंट सुरू व्हायच्या आधी तो एक हात पाठीमागे नेतो आणि बोटांनी खूण करतो. खुणा प्रत्येक जोडीच्या वेगळ्या, पण सांगायचं दोनच गोष्टींबद्दल असतं, सर्व्ह कुठे टाकायची आणि मी जागेवर थांबणार का मधे घुसणार. बऱ्याच जोड्या खुणेऐवजी पॉइंटच्या मधे जवळ येऊन बोलतात, तोंडासमोर बॉल धरून, म्हणजे समोरच्यांना ओठ वाचता येऊ नयेत. ते बोलणं झालं की मनातल्या मनात अंदाज लावा की हा आता जाणार का थांबणार. सर्व्ह मधल्या लाइनवर म्हणजे टी वर पडली तर रिटर्नला अँगल कमी मिळतो आणि नेटवाल्याला मधे घुसून व्हॉली (टप्पा पडायच्या आधीच मारलेला बॉल) मारणं सोपं जातं, सर्व्ह बाहेर वाइड गेली तर त्याला आपली लाइन सांभाळावी लागते. आय फॉर्मेशन दिसलं तर जास्तच लक्ष द्या, त्यात नेटवाला मधोमध जवळजवळ बसतो, सर्व्ह त्याच्या डोक्यावरून जाते आणि तो डावीकडे उठणार का उजवीकडे हे रिटर्न करणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही.

रिटर्न करणाऱ्याकडे पण उत्तरं असतात. सर्व्हर पुढे धावत येत असेल तर त्याच्या पायाशी बुटका बॉल टाकायचा, म्हणजे त्याला खालून उचलून मारावं लागतं आणि पुढचा बॉल आपल्या नेटवाल्याला मिळतो. नाहीतर नेटवाल्याच्या डोक्यावरून लॉब, म्हणजे उंच बॉल. आणि तिसरं म्हणजे लाइनवरून सरळ एक जोरात मारून ठेवायचा, तो पॉइंट गेला तरी चालतं, कारण पुढच्या वेळी नेटवाला मधे घुसायला अर्धं पाऊल उशीर करतो. मॅचच्या सुरुवातीला असा बॉल आउट गेला तर प्लेयर चुकला असं लगेच धरू नका.

सर्व्हच्या ऑर्डरमध्ये एक गंमत आहे जी बघणाऱ्या बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. विषम गेमनंतर बाजू बदलतात आणि चौघं आलटून पालटून सर्व्ह करतात, त्यामुळे एका सेटमध्ये प्रत्येक प्लेयर कायम कोर्टच्या एकाच टोकाकडून सर्व्ह करतो. म्हणजे ऊन किंवा वारा एका बाजूला त्रास देत असेल तर कोणी आधी सर्व्ह करायची हे ठरवूनच त्रास कमी करता येतो, आणि जोडीत एक डावखुरा आणि एक उजवा असेल तर अजून सोपं, कारण सर्व्हसाठी वर उडवलेला बॉल (टॉस) दोघांचा वेगवेगळ्या बाजूला जातो. 16 ग्रँड स्लॅम जिंकलेले ब्रायन बंधू असेच होते, बॉब डावखुरा आणि माइक उजवा. नवीन सेटला ऑर्डर बदलता येते, कोण कुठल्या बाजूने रिटर्न करणार तेही तेव्हाच बदलता येतं, मधे नाही.

स्कोअरिंग आधी समजून घ्या नाहीतर गोंधळ होतो. एटीपी टूरवर 2006 पासून 40-40 झालं की अ‍ॅडव्हांटेज (सलग दोन पॉइंट जिंकायची अट) नाही, सरळ एक डिसायडिंग पॉइंट, तो जिंकला की गेम, आणि एकेक सेट झाला तर तिसऱ्या सेटऐवजी 10 पॉइंटचा मॅच टायब्रेक, म्हणजे आधी 10 पॉइंट करेल ती जोडी जिंकते, त्यातही दोनचा फरक लागतो. ग्रँड स्लॅमला मात्र अ‍ॅडव्हांटेज असतो आणि तिसरा सेट पूर्ण खेळतात, तिथे 6-6 झालं की 10 पॉइंटचा टायब्रेक. विम्बल्डनला तर 2022 पर्यंत मेन्स डबल्स पाच सेटची होती, 2023 पासून तीनची केली. काहींना टूरचं हे छोटं फॉरमॅट आवडत नाही, मला आवडतं, कारण प्रत्येक सर्व्हिस गेममध्ये एका पॉइंटवर ब्रेक होऊ शकतो, म्हणजे सर्व्ह करणारी जोडी गेम हरू शकते, आणि कुठल्याच जोडीला आराम मिळत नाही.

डिसायडिंग पॉइंटला कुठल्या बाजूने रिटर्न घ्यायचा हे रिटर्न करणारी जोडी ठरवते, तेव्हा कोण पुढे येतो ते बघा, बहुतेक वेळा त्या दिवशी ज्याचा रिटर्न चांगला बसतोय तोच असतो. मॅच टायब्रेकच्या आधी पण खुर्चीवर बसलेल्या दोघांकडे लक्ष ठेवा, तो नवीन सेट धरला जातो म्हणून सर्व्ह आणि रिटर्नची ऑर्डर परत बदलायची त्यांना मुभा असते, आणि बाजू बदलून उभे राहिले तर समजा की आधीच्या सेटमध्ये त्यांना काहीतरी खुपलेलं आहे.