पट होलच्या खालूनच का निसटतो? ग्रीनचा उतार वाचताना या चुका टाळा

ग्रीन म्हणजे होलभोवतीचं आखूड कापलेलं गवत, आणि पट म्हणजे त्यावरून चेंडू होलकडे घरंगळवणारा हलका फटका. हौशी गोल्फरचा चुकलेला पट बहुतेक वेळा होलच्या खालच्या, म्हणजे उताराकडच्या बाजूने जातो. उतार दिसत नाही असं नाही, पण दिसतो तेवढा धरला जात नाही.

मूळ चूक म्हणजे वेग न ठरवताच लाइन, म्हणजे चेंडू कोणत्या रेषेवर सोडायचा ते, ठरवणं. चेंडू मंदावतो तसा उतार त्याला जास्त ओढतो, म्हणून तीन मीटरच्या पटात खरं वळण शेवटच्या मीटरभरात असतं. आपण मात्र चेंडूपुढचंच गवत न्याहाळत बसतो. थंडीच्या दिवसांत सकाळी दव असताना सराव ग्रीनवर आडव्या उतारावर काही पट मारा आणि दवात उमटलेली रेघ बघा. सुरुवातीला जवळजवळ सरळ आणि होलपाशी विळ्यासारखी वाकलेली. म्हणून आधी ठरवा की चेंडू आत पडला नाही तर होलपुढे 30 ते 45 सेंमीवर थांबला पाहिजे. मग त्या वेगाची लाइन शोधा.

दुसरी चूक, फक्त चेंडूमागून बघणं. तिथून डावं-उजवं कळतं, चढ-उतार नीट कळत नाही. त्यासाठी खालच्या बाजूने पटाच्या मध्यापर्यंत चालत जा आणि उकिडवं बसून बघा. होलपाशी घागरभर पाणी ओतलं तर ते कुठे वाहील? ती पाणवाट सापडली की तिच्यावरचा पट सरळ, आणि तिच्यापासून बाजूला सराल तसं वळण वाढत जातं. अंतर तेच असलं तरी उताराचा पट चढाच्या पटापेक्षा जास्त वळतो.

डोंगरउतारावरच्या कोर्सवर डोळे हमखास फसतात, तिथे पायांवर भरवसा ठेवा. पण पाय आधी तयार करावे लागतात. सराव ग्रीनवर गवंड्याची एक मीटरची पाणसळ ठेवा आणि बुडबुडा मधे येईपर्यंत खालचं टोक उचला. टोकाखाली 2 सेंमी फट पडली तर उतार 2 टक्के. तिथेच पाय फाकून उभं राहा आणि कोणत्या पायावर किती भार येतो ते लक्षात ठेवा. फेरीत हे साधन वापरायला नियमांची परवानगी नाही, पायांना आहे.

वळणाचा माथा, म्हणजे चेंडूच्या वाटेचा सरळ रेषेपासून सर्वांत दूरचा बिंदू, शोधून त्यावरच नेम धरणं ही चूक चांगले खेळाडूही करतात. चेंडू माथ्यापर्यंत पोचण्याआधीच वळू लागतो, त्यामुळे तो माथ्याखालूनच जातो. नेम माथ्याच्याही वर हवा.

बर्म्युडा जातीचं गवत असलेल्या ग्रीनवर गवताचा कलही बघा. चकाकी दिसली तर गवत तुमच्यापासून पलीकडे झुकलंय आणि चेंडू जास्त धावेल. गडद दिसलं तर कमी.

चुकलेला पट कुठे थांबला यावरून दोष ओळखा. खालून गेला आणि होलपर्यंत पोचलाच नाही, तर वेग कमी. खालून जाऊन 40 सेंमी पुढे थांबला, तर वाचन कमी, म्हणजे वळण कमी धरलं. वरून जाऊन मीटरभर पुढे गेला, तर वाचनाला दोष देऊ नका, फटका जोराचा होता.

तरीही उलगडा होत नसेल तर दीड मीटरचा सरळ पट निवडा. चेंडूपुढे 30 सेंमीवर दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) रोवा, मधून चेंडू जेमतेम जाईल इतक्या जवळ. चेंडू टीला लागत राहिला तर बिघाड वाचनात नाही, पटरच्या फटक्यात आहे.