क्रुसाची वाट आणि तीनचं ऊन

नंदुरबारजवळच्या ख्रिस्ती रिट्रीट सेंटरचा, म्हणजे प्रार्थनेसाठी एकांतात राहायच्या जागेचा, नकाशा माझाच. क्रुसाची वाट म्हणजे येशूच्या मृत्युदंडापासून दफनापर्यंतच्या प्रसंगांपाशी थांबत, प्रार्थना करत चालायची भक्ती; तिची 14 स्थानं मी पश्चिमेच्या मोकळ्या पटांगणात मांडली. कागदावर फार देखणी दिसली. पण ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी ही भक्ती अनेकदा दुपारी तीनला होते, आणि मार्च-एप्रिलचं खान्देशी ऊन! शिमोन येशूचा क्रूस उचलायला मदत करतो त्या पाचव्या स्थानापाशीच म्हाताऱ्या बाया पदर डोक्यावर घेऊन परत फिरल्या. सिस्टर म्हणाल्या, "दादा, शिमोनानं क्रूस उचलला, आम्हांला कोण उचलणार?"

मग वाट इमारतीच्या पूर्वेला, भिंतीलगत आणली. तीनला तिथे सावली असते. फरशी काढून मुरूम टाकला, कारण बरेच जण अनवाणी चालतात. जुन्या पटांगणात कडुनिंब लावलेत.