मधल्या ओट्यावरची शेगडी आणि धुराची वाट : कमी खर्चात काय करावे

विदर्भातल्या गावांमध्ये कवेलूची घरे उतरवून स्लॅबची घरे बांधली जाऊ लागली, तसा स्वयंपाकघराचा नकाशाही बदलला. भिंतीला लागून असलेल्या ओट्याऐवजी खोलीच्या मधोमध ओटा बांधून त्यावर शेगडी बसवण्याची पद्धत, जिला दुकानदार आयलंड म्हणतात, ती आता शहरापुरती राहिलेली नाही. कवेलूच्या फटींतून धूर, वाफ आणि फोडणीचा ठसका आपोआप निघून जात असे. स्लॅबखाली त्याला वाट आपल्यालाच करून द्यावी लागते आणि शेगडी मधोमध असेल तर ती वाट काढणे बरेच अवघड जाते.

याचे कारण साधे आहे. भिंतीजवळच्या शेगडीवरून उठणारी गरम हवा भिंतीच्या आधाराने सरळ वर चढते, त्यामुळे वरच्या चिमणीला ती पकडता येते. मधल्या ओट्याला पाठच नसते. चारही बाजू मोकळ्या असल्यामुळे दाराची झुळूक, छताचा पंखा किंवा शेजारून गेलेला माणूस यांपैकी कशानेही धुराचा स्तंभ कलतो, आणि एकदा तो चिमणीच्या कडेबाहेर गेला की मोटर कितीही जोरदार असली तरी तो परत ओढला जात नाही. म्हणून माझे ठाम मत असे आहे की मर्यादित पैसा मोटरवर न घालता ओट्याला पाठ देण्यावर आणि पाइप रुंद व सरळ ठेवण्यावर खर्च करावा.

घर अजून कागदावर असेल तर सर्वांत स्वस्त उपाय आधी सांगतो. मधला ओटा चिरणे, लाटणे, वाढणे यांसाठी ठेवावा आणि शेगडी तेवढी बाहेरच्या भिंतीला लावावी. भिंतीवरची चिमणी मधल्या ओट्याच्या चिमणीपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते, पाइप दोन हातांत बाहेर निघतो आणि कमी ताकदीच्या मोटरवर काम भागते. बांधकाम झालेले असेल किंवा घरच्यांना शेगडी मधोमधच हवी असेल, तर पुढचा विचार करावा.

प्रथम हवेचा हिशेब मांडावा. १२ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीत १,४४० घनफूट, म्हणजे सुमारे ४१ घनमीटर हवा असते. आपल्या फोडणीच्या स्वयंपाकासाठी ती तासाला १५ वेळा बदलावी असे धरले तर सुमारे ६०० घनमीटर होतात, आणि चारही बाजू मोकळ्या असल्याबद्दल त्यात निम्मी भर घातली की ९०० च्या आसपास आकडा येतो, म्हणजे चिमणीने तासाला साधारण एवढे घनमीटर हवा ओढायला हवी. चिमणीच्या खोक्यावर छापलेला आकडा पाइप न जोडता मोजलेला असू शकतो, त्यामुळे पाइप आणि वळणे जोडल्यावर तो बराच खाली येईल हे धरूनच निवड करावी.

पैसे वाचवण्यासाठी पुष्कळजण बिनपाइपची चिमणी घेतात. ती हवा कोळशाच्या जाळीतून गाळून खोलीतच परत सोडते. वास काही प्रमाणात कमी होतो, परंतु उष्णता आणि वाफ घरातच राहते आणि कोळसा काही महिन्यांनी बदलावा लागतो. ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथे स्वयंपाकघरातली उष्णता बाहेर न काढणाऱ्या यंत्रावर पैसा घालणे मला मुळीच पटत नाही. ओट्यातून वर येऊन धूर खाली ओढणारी यंत्रे महाग असतात आणि उंच गंजातल्या रश्श्याची वाफ त्यांच्या आवाक्यात येत नाही, म्हणून त्यांचा विचार इथे करत नाही.

तयार आयलंड चिमणी परवडत नसेल तर आपल्याकडे एक चांगला पर्याय हाताशी आहे. तालुक्याच्या गावी लोखंडी पत्र्याचे कूलर बनवणारे कारागीर असतात, आणि जो माणूस कूलरची पेटी नीट जोडतो तो जस्ती पत्र्याचा हूडही, म्हणजे शेगडीवर धूर पकडणारे छत्रही, बनवू शकतो. हूडची लांबी-रुंदी शेगडीपेक्षा प्रत्येक बाजूने किमान तीन इंच जास्त असावी, आणि जागा असेल तर सहा इंच ठेवावी. खालची कड शेगडीच्या बर्नरपासून ६५ ते ७५ सेंटिमीटर वर असावी. त्याहून खाली आल्यास आच आणि तेलाचा भडका यांचा धोका असतो, तर वर गेल्यास धूर बाजूने निसटतो. ओटा ३३ इंच, शेगडी ४ इंच आणि मधले अंतर २७ इंच धरले तर हूडची कड जमिनीपासून ६४ इंचांवर येते, म्हणजे ती मोठ्या माणसाच्या कपाळाच्या उंचीला असते. त्यामुळे हूड ओट्याच्या कडेबाहेर येऊ देऊ नये आणि पत्र्याची प्रत्येक कड आत दुमडून घ्यावी. कारागिराला हे दोनदा सांगावे, कारण कूलरच्या पेटीला अशी कड लागत नाही आणि त्याच्या हाताला तशी सवय नसते.

आता पाइप. या भागावर मी अधिक वेळ घेणार आहे, कारण आमच्या स्वतःच्या घरी चूक इथेच झाली. चिमणीचे तोंड ६ इंचांचे होते, परंतु बसवायला आलेल्या माणसाकडे ४ इंचांचा पाइप होता आणि त्याने मधे जोड घालून तोच लावून दिला. दिसायला फरक दोनच इंचांचा होता. क्षेत्रफळ मोजले तर ६ इंचांच्या पाइपचे तोंड २८ चौरस इंच भरते आणि ४ इंचांच्या पाइपचे साडेबारा, म्हणजे निम्म्याहूनही कमी. मोटर गुरगुरत राहायची आणि भिवापुरी मिरची तेलात पडली की आई पदर नाकाला लावून अंगणात जायची. त्यातच पाइपाचा उतार आतल्या बाजूला होता, त्यामुळे थंडीत वाफ आत गार होऊन तेलकट पिवळे थेंब परत चिमणीत यायचे आणि एकदा ते उघड्या दुधाच्या गंजात पडले. पाइप बदलून उतार बाहेरच्या बाजूला केल्यावर दोन्ही तक्रारी थांबल्या.

तेव्हा मोटर असलेल्या चिमणीला पूर्ण लांबीभर ६ इंचांचाच पाइप द्यावा. एकच वळण असावे आणि तेही काटकोनात न घेता गोलाईत घ्यावे. खळग्यांचा लवचिक पाइप वापरायचा असेल तर तो पूर्ण ताणून बसवावा, कारण सैल सोडलेल्या घड्यांत चिकटा साचतो. पत्र्याचा गुळगुळीत पाइप त्याहून चांगला. कारागिराने केलेल्या हूडला भिंतीतला साधा एक्झॉस्ट पंखा जोडायचा असेल तर हिशेब वेगळा होतो. असा पंखा मोकळ्या हवेत पुष्कळ हवा फेकतो, परंतु अरुंद किंवा लांब पाइपातून ती ओढण्याची ताकद त्याच्यात नसते. म्हणून १२ इंचांच्या पंख्याला पाइपही १२ इंचांचाच, आणि ओट्यापासून भिंतीपर्यंत सरळ व शक्य तितका आखूड असावा. पंख्याचा रोख पश्चिमेकडे ठेवू नये, कारण उन्हाळ्यातला झळांचा वारा आणि पावसाळ्यातली झोड बहुधा त्याच बाजूने येते. पंखा बंद झाल्यावर आपोआप मिटणाऱ्या पट्ट्यांची झडप बाहेरून लावावी.

पाइप स्लॅबमधून सरळ वर नेणे हवेच्या दृष्टीने उत्तम असते. परंतु त्यासाठी स्लॅब पडण्याआधीच पाइपचा तुकडा सळ्यांमध्ये बसवून घ्यावा. नंतर भोक पाडले तर सळई कापली जाण्याचा आणि गळतीचा धोका असतो. वर गच्चीवर भोकाभोवती सहा ते नऊ इंच उंच काँक्रीटचा कठडा आणि पाइपाच्या तोंडावर टोपी हवी.

विदर्भातल्या घरात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे कूलर. फेब्रुवारीच्या शेवटापासून पाऊस येईपर्यंत बैठकीच्या खिडकीतला कूलर घरात हवा लोटत असतो आणि ती बाहेर पडण्यासाठी स्वयंपाकघराकडे धावते. हा झोत शेगडीवरून आडवा गेला की धूर हूडखालून वाहून जातो. तोच झोत नीट वळवला तर मात्र तो फुकटची मदत करतो, कारण बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी नवी हवा यावीच लागते आणि कूलर ती पुरवतो. त्यासाठी बैठकीच्या बाजूला ओट्याच्या कडेने चार इंची विटांची पडदी, ओट्याच्या वर दीड-दोन फूट उठेल अशी, बांधून घ्यावी. वीटकाम नको असेल तर जाड टफन काचेचा तुकडा बसवावा. ओट्याला पाठ मिळते ती अशी. ती दिल्यावर तीच मोटर कितीतरी अधिक काम करते, हे आम्ही घरी पाहिले आहे. कूलर बंद असेल तेव्हा एक खिडकी किंवा दार किलकिले ठेवावे आणि स्वयंपाक चालू असताना ओट्यावरचा छताचा पंखा बंद ठेवावा.

वीज गेली तर सारेच थांबते, आणि गावात ती जातेच. म्हणून छताखाली समोरासमोरच्या भिंतींत झरोके ठेवावेत, किमान एक फूट बाय दीड फुटांचे, जाळी लावलेले. सिलिंडर मधल्या ओट्याच्या कपाटात ठेवत असाल तर कपाटाला जमिनीलगत छिद्रे असणे अत्यावश्यक आहे, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास तो खाली साचतो. वरची चिमणी तो काढू शकत नाही. गॅसचा वास आल्यास चिमणीचे किंवा पंख्याचे बटन दाबू नये, दारे-खिडक्या उघडून रेग्युलेटर बंद करावा.

गाळणीसाठी बारीक जाळीपेक्षा स्टीलच्या पन्हाळीसारख्या पट्ट्यांची बॅफल गाळणी घ्यावी. दर पंधरा दिवसांनी ती कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवली की चिकटा सुटतो. ॲल्युमिनियमच्या गाळणीला मात्र हा सोडा लावू नये, ती काळी पडून खराब होते.

सारे बसवून झाल्यावर कारागिराचे पैसे चुकते करण्याआधी एक परीक्षा घ्यावी. कूलर चालू ठेवून, शेगडीवर पाणी उकळत ठेवून, पेटती उदबत्ती हूडच्या चारही कोपऱ्यांखाली एकेक करून धरावी. धुराची रेघ आत वळली तर काम ठीक आहे. ज्या कोपऱ्यात ती बाहेर कलेल, त्या बाजूला पत्र्याची चार इंचांची झालर खाली जोडून मागावी आणि पुन्हा उदबत्ती धरून पाहावी.