शिट्टी वाजण्यापूर्वी: शाळेच्या मैदानावर विद्यार्थ्यांची काळजी कशी घ्यावी

ऑक्टोबर 2019 मध्ये केरळमधील पाला येथे राज्यस्तरीय कनिष्ठ मैदानी स्पर्धेत भालाफेक आणि हातोडाफेक शेजारीशेजारी चालू होती. भाले उचलून आणण्यासाठी नेमलेल्या एका शाळकरी स्वयंसेवकाला हातोड्याचा गोळा लागला आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. सप्टेंबर 2023 मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात भालाफेकीच्या सरावाच्या वेळी भाला डोक्यात लागून एका विद्यार्थ्याने प्राण गमावले. या दोघांपैकी कोणीही त्या क्षणी फेकत नव्हता. मैदानावर सगळ्यांचे डोळे खेळणाऱ्याकडे असतात आणि दुर्लक्ष होते ते वस्तू आणायला गेलेल्या, बुटाची नाडी बांधायला वाकलेल्या किंवा मैत्रिणीला हाक मारत आडवे पळणाऱ्या मुलांकडे.

म्हणून पहिली व्यवस्था माणसांची करावी. ज्या शिक्षकाकडे शिट्टी आहे त्याच्याकडे देखरेखीचे काम देऊ नये, कारण पंच म्हणून चेंडूकडे किंवा रेषेकडे पाहणारा माणूस त्याच वेळी पाठीमागच्या चाळीस मुलांकडे पाहू शकत नाही. क्रीडाशिक्षक एकच असेल तर त्या तासाला मोकळ्या असलेल्या शिक्षकांपैकी एकाला मैदानावर बोलवावे आणि त्यांचे काम स्पष्ट सांगावे: खेळ पाहायचा नाही, न खेळणारी मुले पाहायची. न खेळणाऱ्या मुलांना फक्कीने आखलेल्या रेषेमागे, एकाच बाजूला बसवावे. मुले चारही बाजूंना विखुरली की मैदान ओलांडण्याचा मोह होतोच.

खेळ सुरू होण्यापूर्वी अर्धा तास मैदानाची फेरी मारावी, तीही खाली पाहत. खो-खो आणि कबड्डी आपल्याकडे बहुतेक शाळांत अनवाणीच खेळतात, त्यामुळे मंडपाचे खिळे, बांधणीच्या तारांचे तुकडे आणि काचा वेचून काढाव्यात; गणेशोत्सवानंतर किंवा स्नेहसंमेलनानंतर हे काम अधिक बारकाईने करावे. पावसाळ्यानंतर कडेचे गवत कापून घ्यावे, कारण चेंडू आणायला मूल ज्या गवतात हात घालते त्यात साप असू शकतो. पाण्याच्या टाकीखाली किंवा उंच झाडावर आग्या मोहोळ असेल तर उद्घाटनाचे फटाके आणि मशालीचा धूर दोन्ही रद्द करावेत.

फुटबॉलचे लोखंडी गोल स्थानिक कारागिराकडून करून घेतलेले आणि नुसते टेकवून ठेवलेले असतील, तर आडव्या दांड्याला लोंबकळणाऱ्या मुलावर ते उलटू शकतात. ते मागच्या बाजूने जमिनीत खुंट्या ठोकून पक्के बांधावेत किंवा खेळ संपताच आडवे करून ठेवावेत. खो-खोचा खांब हाताने चाचपून पाहावा. धावणारा खेळाडू त्याला पकडून पूर्ण वेगात वळतो आणि पाठलाग करणारा त्याच्यावर सूर मारतो, तेव्हा लाकडाची एखादी सल किंवा वरच्या टोकाची धारदार कड तळहात फाडू शकते. खांब हलत असेल तर पुन्हा गाडावा. विटांचे तुकडे ठोकून तात्पुरती सोय करू नये. फक्की कशाची आहे हेही विचारावे. स्वस्त म्हणून चुना वापरला जातो, आणि कबड्डीत पालथा पडलेला खेळाडू नेमका रेषेवर तोंड घासत जातो. चुना डोळ्यात गेला तर डोळा न चोळता वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि मग लगेच दवाखान्यात न्यावे.

फेकीच्या प्रकारांना वेगळी शिस्त लागते. दोन फेकी एकाच वेळी, एकमेकींच्या टप्प्यात घेऊ नयेत. वेळ कमी आहे हे कारण नेहमीच पुढे येते आणि ते कधीही मान्य करू नये. भाल्याचे क्षेत्र नियमाप्रमाणे सुमारे 29 अंशांचे असते, पण शाळेतील मुलाचा भाला त्या रेषांमध्येच पडेल असे धरून चालता येत नाही. दोन्ही बाजूंना भरपूर रिकामी जागा सोडून दोरी बांधावी. थाळीफेकीला जाळी नसेल तर फेकणाऱ्याच्या मागेही कोणी उभे राहू नये, कारण घामेजल्या हातातून थाळी कुठल्याही दिशेला सुटते. क्षेत्र मोकळे असल्याचे शिक्षकाने मोठ्याने सांगितल्यावरच फेक व्हावी, आणि आणायला गेलेले सर्व जण परत आल्याशिवाय पुढच्या मुलाच्या हातात भाला देऊ नये. भाला आणायला पळत जाऊ देऊ नये. जमिनीत तिरका रुतलेल्या भाल्याचे मागचे टोक पळत येणाऱ्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असते आणि समोरून ते ठिपक्याएवढे दिसते. बाजूने चालत जावे, मागे कोणी नाही हे पाहून भाला उपसावा, आणि टोक खाली ठेवून उभा धरून परत आणावा. कोणतीही वस्तू उलट फेकून परत देऊ नये.

उन्हाचा प्रश्न केवळ पाऱ्याचा नाही. कोकणात ऑक्टोबरमध्ये तापमान विदर्भातील उन्हाळ्यापेक्षा बरेच कमी असले, तरी दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. सुट्टीनंतर सराव सुरू करताना शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात सराव थोडा आणि सकाळी लवकर ठेवावा. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाण्याची सुट्टी घ्यावी आणि मुले पाणी पितात की नुसती तोंड धुतात हे पाहावे. प्रमुख पाहुण्यांना उशीर होणार असेल तर मुलांना सावलीत बसवावे; पाहुणे आल्यावर रांगा लावायला पाच मिनिटे पुरतात. श्रावणात तालुकास्तरीय सामन्यांच्या दिवशी उपवास आलेला असतो, म्हणून सकाळी काय खाल्ले हे प्रत्येकाला विचारावे. दमा, अपस्मार, हृदयविकार असलेल्या मुलांची यादी शिक्षकाजवळ असावी आणि दम्याचा पंप दप्तरात नव्हे, मैदानावर असावा. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. अशा मुलाने पाणी न पिता जिवापाड धावणे म्हणजे तीव्र वेदनांना आणि कधी जिवाच्या धोक्याला आमंत्रण ठरते.

थकवा, गोळे येणे, मळमळ एवढेच असेल तर सावलीत झोपवून ओआरएस द्यावे. एक लिटरसाठीचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावे, पेल्यात अर्धे पाकीट टाकू नये. मूल असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. त्या वेळी तोंडाने काहीही देऊ नये. 108 वर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ लावावा. गाडीची वाट पाहत नुसते बसून राहण्यात सर्वांत मोलाची मिनिटे जातात.

ढगांचा गडगडाट ऐकू आला की सामना थांबवावा, मग शेवटचे दोनच गुण उरलेले असोत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे दामिनी अॅप परिसरातील विजेची सूचना देते. ते शिक्षकांच्या मोबाइलमध्ये असावे. मुलांना पक्क्या इमारतीत न्यावे. झाड, झेंड्याचा खांब, तारेचे कुंपण आणि पत्र्याचा उघडा मंडप हे निवारे नव्हेत. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे पूर्ण होईपर्यंत कोणालाही बाहेर सोडू नये.

दुखापतीत चुका घाईने होतात. मुरगळलेला घोटा चोळू नये, ओढू नये. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे धरावा आणि पाय उंच ठेवावा. मानेवर पडलेल्या आणि हातापायांना मुंग्या येत असल्याचे सांगणाऱ्या मुलाला चार जणांनी उचलून बाजूला नेऊ नये. श्वास चालू असेल तर डोके आहे तसे स्थिर धरून रुग्णवाहिकेची वाट पाहावी. कायमचा दात निखळला तर तो शोधावा, मुळाला हात न लावता उचलावा, दुधाच्या पेल्यात टाकावा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे. कॅन्टीनमधले दूध चालते.

डोक्याला मार लागलेले मूल शुद्धीवर असले, हसत असले, “सर, मी खेळतो” म्हणत असले, तरी त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात उतरवू नये. घरी एकटे पाठवू नये. न्यायला आलेल्या आईवडिलांच्या हातात चिठ्ठी द्यावी आणि तीत मार कधी व कुठे लागला, तसेच वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, अडखळते बोलणे किंवा जागे करूनही न उठणे यांपैकी काहीही दिसले तर रात्री किती वाजले आहेत हे न पाहता रुग्णालय गाठावे, असे लिहावे. चिठ्ठीखाली शिक्षकाचा फोन नंबर असावा आणि त्या रात्री फोन चालू असावा.