हिमालयात पहिल्यांदा एकट्याने निघताय? शाळकरी मुलांनी (आणि त्यांच्या आईवडिलांनी) या चुका टाळा

शाळेत निसर्ग मंडळ चालवायला लागून बरीच वर्षं झाली. दर मे महिन्यात आमची आठवी-नववीची दोन-चार मुलं कुठल्या ना कुठल्या पर्यावरण शिबिराला जातात आणि त्यातलं एखादं एकटंच जातं. जूनमध्ये शाळा उघडली की ही मंडळी प्रयोगशाळेत येऊन गोष्टी सांगतात. त्या गोष्टींत बिबट्या क्वचितच असतो. असतं ते हरवलेलं तिकीट, भिजलेली जीन्स, झोपेत मागे गेलेला थांबा आणि तीन दिवस कुजलेले बेसनाचे लाडू.

या सगळ्यांत मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जे काम घरी आईबाबांनी केलं, ते बाहेर नेमकं अडतं. बॅग आईने भरली तर टॉर्च कुठल्या कप्प्यात आहे ते पोराला माहीत नसतं. तिकीट बाबांनी काढलं तर डबा कोणता हे फलाटावर बाबांना फोन करून विचारावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच रेंज नसते.

पहिलाच प्रवास सगळ्यात लांबचा

घरापासून कधी तालुक्याच्या गावापर्यंतही एकटा न गेलेला मुलगा थेट दिल्लीमार्गे हिमाचलला निघतो. हे मला पटत नाही. आधी एक रंगीत तालीम हवी. आमच्याकडे ती बहुतेक वेळा वेळासला होते. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं हे गाव. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ मध्ये इथे सागरी कासवांची घरटी जपायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. आमचा गट आदल्या दिवशी पोचतो. ज्याला मे महिन्यात एकट्याने जायचंय, त्याने एसटीने आपलं आपण यायचं. मुलींना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाची सबबही उरत नाही.

तालमीतच चुका होतात, आणि त्या तिथे झालेल्या बऱ्या. एक मुलगी पुण्यात 'खेड'च्या गाडीत बसली आणि राजगुरुनगरला उतरली. तेही खेडच, पण रत्नागिरीचं नव्हे! वेळासही दोन आहेत. दुसरं श्रीवर्धनकडे, रायगड जिल्ह्यात, म्हणजे बाणकोटच्या खाडीच्या पलीकडच्या अंगाला. नकाशात नुसतं गाव टाकून निघालात तर खाडीच्या चुकीच्या काठावर उभे राहाल. कागदावर गाव, तालुका, जिल्हा असं तिन्ही लिहून घ्या. आणि किनाऱ्यावर पांढऱ्या उजेडाची टॉर्च पेटवू नका. पिल्लं समुद्राऐवजी त्या उजेडाकडे वळतात.

शाळेला शेवटच्या दिवशी सांगणं

मेमध्ये सुट्टीच आहे, मग अर्ज कशाला, असं वाटतं. पण नववीतून दहावीत जाणाऱ्यांचे जादा तास बऱ्याच शाळांत मे महिन्यातच सुरू होतात. वर्गशिक्षकांना मार्चमध्येच सांगा, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. नववी-दहावीला जलसुरक्षा विषय आहे, त्यात प्रकल्प असतो. मोहिमेतल्या एखाद्या ओढ्याच्या, झऱ्याच्या नोंदी त्याला चालतील का, हे जाण्यापूर्वी विचारून घेतलं तर दोन्ही कामं एकदम होतात. परत आल्यावर विचारणाऱ्यांच्या वहीत नेमकी हवी ती मोजमापं नसतात.

तिकिटाच्या चुका

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होतं आणि बरेच बाबा अजून तोच हिशेब धरून बसलेले असतात. मेच्या गाड्या लवकर भरतात. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. 'चढ तू, टीसीशी बोलून घेऊ' हा सल्ला एकट्या मुलाला देऊ नका.

मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाडीची तारीख हा तर सापळाच. १० तारखेला रात्री १२:४०ची गाडी म्हणजे ९ तारखेला जेवून स्टेशनवर जायचं. दहा तारखेच्या रात्री हार-नारळ घेऊन पोचलेलं एक अख्खं कुटुंब मी पाहिलंय. गाडी आदल्या रात्रीच गेली होती.

आणि दिल्ली म्हणजे एक स्टेशन नव्हे. गोवा एक्स्प्रेस साताऱ्याच्या, पुण्याच्या मुलाला हजरत निजामुद्दीनला सोडते. हिमाचल परिवहनच्या बस काश्मिरी गेटच्या बसस्थानकातून सुटतात. मधे मेट्रो आहे : सराय काले खान-निजामुद्दीनहून गुलाबी मार्गिकेने लाजपत नगर, तिथे बदलून जांभळ्या मार्गिकेने काश्मिरी गेट. हे वहीत लिहून न्या, कारण रिक्षावाला 'मेट्रो बंद है' म्हणणारच. गाडी उतरणं आणि बस सुटणं यांत निदान पाच-सहा तास ठेवा. उत्तरेकडच्या गाड्या उशीर करतात, हे गृहीतच धरायचं.

कागदांशिवाय निघणं

हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. एकट्या शाळकरी मुलाने रेल्वेने प्रवास करायला बंदी नाही. पण स्टेशनवर एकटं दिसणारं मूल घरातून पळालेलं तर नाही ना, हे पाहणं रेल्वे सुरक्षा दलाचं कामच आहे आणि ते चौकशी करतात. करावीच. अशा वेळी नुसतं 'शिबिराला चाललोय' म्हणून भागत नाही. आईवडिलांच्या सहीचं संमतीपत्र, त्यावर त्यांचे दोन फोन नंबर, शिबिराचं निवडपत्र, शाळेचं ओळखपत्र आणि आधार, हे सगळं एका प्लास्टिकच्या पाकिटात वरच्या कप्प्यात ठेवा. संमतीपत्र मराठीत नको, हिंदीत किंवा इंग्रजीत हवं. आमच्या एका मुलाचं पत्र सुंदर मराठीत, सुवाच्य अक्षरात होतं. वाचणारा हवालदार हरियाणाचा. फोन लागेपर्यंत तो मुलगा पाऊण तास चौकीत बसला होता. त्याला चहा मिळाला, ही वेगळी गोष्ट.

आणखी एक : लॉजवाले एकट्या अल्पवयीन मुलाला सहसा खोली देत नाहीत. गाडी चुकली तर 'रात्री कुठेतरी राहीन' हा बेत नको. स्टेशनच्या प्रतीक्षालयात, दिव्याखाली, इतर कुटुंबांजवळ बसायचं. रेल्वेत काही बिनसलं तर १३९, आणि मुलांसाठी कुठेही १०९८. हे दोन्ही नंबर कागदावर लिहा. आईचा नंबर मात्र पाठच हवा. हल्ली तो कुणालाच पाठ नसतो.

बॅग

२०१५ मध्ये राज्य शासनाने दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको असं ठरवलं. ४५ किलोच्या मुलाला म्हणजे साडेचार किलो. मोहिमेच्या बॅगेला हे प्रमाण जमणार नाही, पण तोच मुलगा १४ किलो घेऊन निघतो तेव्हा मला तो शासन निर्णय आठवतो.

त्या चौदातले तीन किलो खाऊ असतो. आयांनो, प्रवास दीड-दोन दिवसांचा आहे. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, थोडा चिवडा, गुळाचे खडे, बस. लाडूंचा डबा शिबिरात पोचेपर्यंत बॅगेत फुटतो आणि स्लीपिंग बॅगला मुंग्या लागतात.

जीन्स नको. भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि गार पडते. कोरे बूट तर अजिबात नकोत. निघायच्या महिनाभर आधी घ्या आणि शाळेत जाता-येता वापरा. भारी बूटच हवेत असं नाही. सह्याद्रीत हिंडणाऱ्या कित्येकांनी साध्या अ‍ॅक्शन ट्रेकिंग बुटांवर डोंगर पालथे घातलेत. मोजे मात्र जास्त घ्या. कपडे प्लास्टिकच्या जाड पिशवीत भरून मग बॅगेत ठेवा. बॅगेवरचं आवरण मुसळधार पावसात फसतं, आतली पिशवी फसत नाही.

मुलींनी पाळीची तारीख नसली तरी पॅड न्यावेत. उंचीवर आणि दगदगीने तारीख मागेपुढे होते आणि डोंगरातल्या दुकानात ते मिळतीलच असं नाही. वापरलेले परत आणायला जुनी वर्तमानपत्रं आणि एक झिपची पिशवी ठेवा. शिबिरात बाईंना सांगायला लाजू नका.

पैसे तीन ठिकाणी, सुट्या नोटांत. नुसत्या यूपीआयवर विसंबून हिमाचलमधल्या तीर्थनच्या खोऱ्यात गेलेला मुलगा सोबतच्यांकडून उसने घेऊन परत आला.

बॅग भरून झाली की मुलाने ती स्वतः रिकामी करून पुन्हा भरायची. आईने फक्त बघायचं. हे फार जड जातं, मला माझ्या मुलाच्या वेळी गेलंय.

औटला झोप लागली

तीर्थन खोरं म्हटलं की हा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. या खोऱ्यालगतचं ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान कुल्लू जिल्ह्यात आहे. २०१४ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. तिथल्या शिबिराला आमचा नववीतला एक मुलगा गेला. दिल्लीहून मनालीच्या रात्रीच्या बसने मंडीच्या पुढे औटला उतरायचं, बोगद्याच्या अलीकडे, आणि तिथून बंजार करत गुशैणीला जायचं. बस औटला पहाटे आली. पोरगा गाढ झोपेत. जाग आली ती कुल्लूच्या बसस्थानकावर, उजाडल्यावर.

तो रडला नाही. फोन बंद पडला होता, कारण रात्रभर गेम. पण वहीच्या शेवटच्या पानावर थांब्यांची नावं क्रमाने लिहिलेली होती. त्याने चौकशी खिडकीत विचारलं आणि औटकडे जाणाऱ्या बसमध्ये बसला. तीन तास वाया गेले, बाकी काही नाही. चूक कंडक्टरला आधी न सांगण्याची. चढतानाच सांगायचं, 'भैया, औट पर जगा देना,' आणि मंडी गेल्यावर पुन्हा एकदा. गजर लावायचा. फोन रात्री झोपवायचा, स्वतः झोपण्याआधी.

घरी मात्र त्या तीन तासांत हाहाकार. आई दर तासाला फोन करत होती. असं ठरवू नका. पोचल्यावर एक फोन, निघताना एक, आणि 'सहा तास काही कळलं नाही तर शिबिराच्या नंबरवर' असा साधा नियम करा. काश्मीर किंवा लडाखला जात असाल तर बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. त्या घरांनी मौनाची सवय आधीच करावी.

'मला काही होत नाही'

घाटात गाडी लागणाऱ्यांनी पोटभर पराठे खाऊन बसू नये आणि गोळी डॉक्टरांना विचारून आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. गुशैणी साधारण कळसूबाईच्या उंचीवर आहे, तिथे विरळ हवेचा त्रास नाही. तो सुरू होतो साधारण २५०० मीटरच्या वर. डोकं दुखणं, भूक मरणं, उलटीची भावना ही त्याची पहिली लक्षणं, आणि मुलं नेमकी हीच लपवतात. आपल्यामुळे गटाला थांबावं लागेल ही लाज. लपवून वर चढत राहिलात तर जिवावर बेतू शकतं. त्रास होतोय तोवर वर जायचं नाही, वाढला तर खाली उतरायचं, आणि गटप्रमुखाला लगेच सांगायचं. मित्राने दिलेली डोकेदुखीची गोळी गुपचूप घेणं म्हणजे आग लागल्यावर भोंगा बंद करणं.

घरची आठवण हाही आजारच. ती बहुधा दुसऱ्या रात्री येते. पहिल्या रात्री दमलेले असता. तेव्हा घरी फोन करून 'न्यायला या' म्हणू नका, सकाळपर्यंत थांबा. नाश्त्यानंतर बहुतेकांचा विचार बदललेला असतो. पण कुणी त्रास देत असेल, अंगाला हात लावत असेल, तर थांबायचं नाही. त्याच क्षणी मोठ्या माणसाला सांगायचं, तो ऐकत नसेल तर १०९८.

आठवण म्हणून काहीतरी उचलणं

पर्यावरण मोहिमेला जाऊन खिशात ऑर्किड भरून आणणारे महाभाग असतात. राष्ट्रीय उद्यानातून झाड, पीस, शिंग काहीही उचलणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. तीर्थनच्या जंगलात जुजुराणा दिसेल अशी आशा धरून गेलात तर मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलावू नका. हा हिमाचलचा राज्यपक्षी आहे, मुळातच दुर्मीळ, आणि मे त्याच्या विणीचा काळ.

वही

मुलं नोंद लिहितात : 'आज आम्ही निसर्गरम्य ठिकाणी गेलो. खूप मजा आली.' हे वाक्य सातारा, सिमला आणि सिंगापूर तिन्हींना लागू पडतं. त्याऐवजी तारीख, वेळ, जागा, हवा, काय दिसलं, किती दिसले, असं लिहा. पेन्सिलने. जेल पेनची शाई पहिल्या सरीत वाहून जाते. नाव माहीत नसेल तर चित्र काढा, वाकडं चालेल.

औटच्या त्या मुलाच्या वहीत एक पान होतं : 'पहाटे ५:५०. कुल्लू. उतरायचं नव्हतं तरी उतरलो. नदीचं पाणी दुधासारखं. गार. विचारलं, तिचं नाव बियास.' त्याच्या जलसुरक्षेच्या प्रकल्पाची सुरुवात आम्ही तिथूनच केली. मात्र त्यासाठी वही जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे यावी लागते. नंतर जादा तास लागतात आणि ती कपाटात जाते.