ऑडिओ ए-डी कन्व्हर्टरची खरखर मोजताना

ऑडिओ इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणारे उपकरण; त्यातला ए-डी कन्व्हर्टर विजेच्या संकेताचे आकडे बनवतो. त्याच्या खोक्यावर '२४ बिट' छापलेले असले, तरी त्याची खरखर (नॉइज) २४ बिटांच्या हिशेबाइतकी कमी असेलच असे नाही. बिटांच्या संख्येला ६.०२ ने गुणून त्यात १.७६ मिळवले, की पूर्ण पातळी (कन्व्हर्टरला झेपणारा सर्वांत मोठा संकेत) आणि खरखर यांतले अंतर येते: १६ बिटांना ९८ आणि २४ बिटांना १४६ डेसिबल. पण आतल्या रोधकांच्या आणि ट्रान्झिस्टरांच्या स्वतःच्या नॉइजमुळे उत्तम कन्व्हर्टरही सहसा १२० ते १३० च्या पुढे जात नाहीत.

मोजणीची सुरुवात इनपुटचे टोक रोधकाने बंद करण्यापासून करावी. उघडे इनपुट अँटेनासारखे वागते, म्हणून माइकच्या प्लगमध्ये २ आणि ३ क्रमांकाच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रोधक जोडावा, प्लगचे धातूचे कवच पिन १ ला जोडावे आणि फँटम पॉवर (माइकला केबलमधून मिळणारी वीज) बंद ठेवावी. मग २४ बिटांत अर्धा मिनिट ध्वनिमुद्रण करून २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पट्ट्यातली आरएमएस (एक प्रकारची सरासरी) पातळी वाचावी. फाइल चुकून १६ बिटांत साठवली, तर कन्व्हर्टरऐवजी फाइलचीच खरखर मोजली जाते.

काही कन्व्हर्टर इनपुट शांत होताच आवाज पूर्ण बंद करतात आणि आकडा फसवा येतो. म्हणून डिजिटल ऑडिओ मोजणीच्या एईएस १७ या मानकात पूर्ण पातळीच्या ६० डेसिबल खाली ९९७ हर्ट्झचा स्वर देतात, तो फिल्टरने गाळतात आणि उरलेली पातळी पूर्ण पातळीपासून किती खाली आहे ते मोजतात. ए-वेटिंग (कानाच्या संवेदनशीलतेनुसार वारंवारतांना कमी-जास्त महत्त्व देणारा फिल्टर) लावल्यास आकडा दोन-तीन डेसिबलांनी चांगला दिसतो, त्यामुळे ते लावले की नाही हे लिहिल्याशिवाय दोन उपकरणांची तुलना करू नये.

सर्वांत जास्त फसगत आलेखात होते. ६५,५३६ बिंदूंच्या एफएफटीत (संकेत वारंवारतांच्या खणांत विभागणाऱ्या गणितात) खरखर हजारो खणांत वाटली जाते आणि तळाची रेषा प्रत्यक्ष एकूण पातळीच्या सुमारे ४५ डेसिबल खाली दिसते. ती रेषाच आकडा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या कमी नाही. आलेखाचा खरा उपयोग ५०, १०० आणि १५० हर्ट्झवरचे सुळके ओळखण्यासाठी आहे. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग चालू असताना वीजवाहिनीतून आणि अर्थिंगमधून येणारा असा उपद्रव माझ्या मोजणीत स्पष्ट दिसतो, म्हणून मी लॅपटॉप बॅटरीवर चालवतो आणि रात्री माग थांबल्यावर मोजणी पुन्हा करतो.

माइक इनपुटसाठी आकडा व्होल्टच्या भाषेत आणावा. पूर्ण पातळी −५० डीबीयूला (०.७७५ व्होल्टच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) येत असेल आणि खरखर त्याखाली ७८ डेसिबल असेल, तर इनपुटाची खरखर −१२८ डीबीयू ठरते. १५० ओहमच्या रोधकाची स्वतःची खरखरच −१३१ च्या जवळ असल्याने त्याहून चांगल्या आकड्याचा दावा संशयास्पद समजावा.

रोधकाची ही खरखर तापमानाबरोबर वाढते, पण सोलापूरचा पारा २५ वरून ४३ अंशांवर गेला तरी फरक पाव डेसिबलचाच पडतो. दुपारी आकडा त्याहून जास्त बिघडला, तर उन्हाला बोल न लावता आधी पंख्याचा रेग्युलेटर बंद करून पाहावा.